वनवृक्षांच्या रोगांचा शोधक

वनवृक्ष-रोगशास्त्राचे जनक मानले जाणारे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग यांचा जन्म १८३९ मध्ये ब्राउनश्वाइग येथे झाला. आजोबा गेऑर्ग लुडविग आणि वडील थिओडोर हे दोघेही नामवंत वनशास्त्रज्ञ होते. कुजक्या लाकडातील बुरशीचे तंतू थिओडोर यांनी १८३३ मध्येच पाहिले होते. मात्र ते कुजण्यातूनच उत्पन्न होतात, अशी त्यांची समजूत होती. पुत्राने नेमका हाच क्रम उलटा ठरविला. एबर्सवाल्ड येथील वनविद्यालयात अध्यापन करीत असताना पाइन व स्प्रूसच्या लागवडीतील मुळकूज रोगाचा त्यांनी अभ्यास केला. बुरशी हा कुजण्याचा परिणाम नसून तेच त्याचे कारण आहे आणि मुळांच्या स्पर्शातून ती शेजारच्या झाडात शिरते, असे त्यांनी १८७४ च्या ग्रंथात मांडले. रोगट झाडांभोवती चर खणून ती वेगळी करण्याचा उपायही त्यांनी सुचविला. १८७८ मध्ये ते म्युनिकला गेले. १८८२ मध्ये त्यांचे वृक्षरोगांवरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले. नव्या जागी ही बुरशी ताज्या तोडलेल्या खुंटांतून प्रवेश करते, हे विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉन रिशबेथ यांनी दाखविले. या संशोधनाचा पाया मात्र वडिलांचे मत तपासून पाहणाऱ्या हार्टिग यांनीच घातला होता.