हॅस्केल करी

मी बुवापाड्याचा. आमच्या अंबरनाथला १९५३ साली यंत्रे घडविणारी यंत्रे बनविण्याचा कारखाना निघाला. गणितात फलने घडविणाऱ्या फलनांचा ध्यास घेतलेले हॅस्केल करी १९०० साली अमेरिकेत जन्मले. बेरजेच्या फलनाला नुसते पाच द्यावेत, तर ते ‘पाच मिळविणारे’ नवे फलन हाती देते. त्याला आठ दिले की तेरा! करी स्वतःच्या विचाराने या वाटेला लागले होते. १९२७ साली त्यांना मोझेस शॉनफिंकेल यांचा १९२४ चा निबंध सापडला. करींनी पहिलेपणाचा मान मोकळ्या मनाने त्यांना दिला. शॉनफिंकेल मॉस्कोत विपन्नावस्थेत वारले. करी १९८२ साली गेले. संगणकशास्त्रात त्या रीतीला नाव मात्र करींचेच राहिले. मला त्यांच्या विद्वत्तेहून तो प्रामाणिकपणा मोठा वाटतो.