तीन समुद्रांपलीकडचा प्रवासी

रशियात व्होल्गा नदीच्या काठी त्वेर नावाचे एक प्राचीन नगर आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात या नगरातून एक व्यापारी विक्रीचा माल घेऊन बाहेर पडला. कॅस्पियन समुद्राच्या पश्चिमेस असलेल्या शिरवान देशी जावे, तेथे माल विकावा आणि चार पैसे गाठीस बांधून घरी परतावे, असा त्याचा साधा बेत होता. त्याचे नाव अफानासी निकितिन.

परंतु प्रवासाच्या आरंभीच दैव फिरले. व्होल्गेच्या मुखाशी, अस्त्राखानजवळ, तार्तर लुटारूंनी त्याच्या तांड्यावर हल्ला केला. ज्या गलबतात अफानासीचा सारा माल होता, नेमके तेच त्यांच्या हाती पडले. मालाबरोबर त्याचे धर्मग्रंथही गेले. पुढे समुद्रात वादळ झाले आणि बरोबरचे एक गलबत किनाऱ्यावर आदळून फुटले. वाचलेल्या मंडळींनी शिरवानच्या राजाकडे मायदेशी परतण्यापुरते साहाय्य मागितले. पण तेही मिळाले नाही. तेव्हा ज्यांचे घरी काही शिल्लक होते, ते परत गेले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते, त्यांनी वाट फुटेल तिकडे जाणे पत्करले. अफानासी माघारी फिरला नाही.

बाकू नगरी जमिनीतून अखंड निघणाऱ्या ज्वाला पाहून तो समुद्र ओलांडून इराणात उतरला. तेथे त्याने गावोगावी मुक्काम केला, बाजार पाहिले, भाव विचारले आणि परक्यांची भाषा शिकून घेतली. असे करीत तो होर्मुझ बंदरी पोहोचला. देशोदेशींचे व्यापारी तेथे एकत्र येत. हिंदुस्थानात घोड्यांना फार किंमत येते, असे त्यास कळले. त्याने एक उमदा घोडा घेतला व घोड्यांची ने-आण करणाऱ्या गलबतात तो चढला. मस्कत, दीव, खंबायत अशी बंदरे मागे टाकीत गलबत कोकणातील चौल बंदरी लागले. वास्को द गामा इ. स. १४९८ मध्ये कालिकतला आला. अफानासी त्याच्या पंचवीसएक वर्षे आधीच आपल्या किनाऱ्यावर उतरला होता.

गोऱ्या वर्णाचा हा मनुष्य पाहून चौलचे लोक चकित झाले. तो जाई तेथे त्यांचा घोळका त्याच्यामागून चाले. घोड्यासह घाट चढून, पालीवरून तो जुन्नरास आला. तोच पावसाळा सुरू झाला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल! बर्फाच्या देशातून आलेल्या त्या प्रवाशास हा ऋतू अगदी नवा होता. याच दिवसांत येथले लोक शेते नांगरतात व पेरतात, घोड्यांना हरभरे आणि साखर घालून शिजवलेली खिचडी खाऊ घालतात, हे सारे त्याने बारकाईने टिपून ठेवले.

जुन्नरास असतानाच त्याच्यावर मोठे संकट कोसळले. तेथील अधिकारी असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदलशील तर घोडा आणि वर हजार मोहरा मिळतील, न बदलशील तर घोडा जाईल आणि दंडही भरावा लागेल, असे खानाने त्यास बजावले. मुदत होती चार दिवसांची. परक्या मुलखात अफानासीचे कोणी नव्हते आणि त्याची सारी पुंजी त्या एका घोड्यात होती. तरीही तो डगमगला नाही. सुदैवाने खोरासानचा खोजा महंमद नावाचा एक सज्जन त्याच वेळी तेथे आला. अफानासीने त्याच्याकडे धाव घेतली. तो स्वतः मुसलमान असूनही या ख्रिस्ती परदेशीयासाठी खानाकडे गेला, रदबदली केली आणि घोडा सोडवून आणला.

पुढे तो बहामनी राज्याची राजधानी बीदर येथे गेला व तेथे त्याने घोडा विकला. सुलतानाची मिरवणूक, सोंडाळ्या हत्तींच्या रांगा आणि उमरावांच्या चांदीच्या पालख्या त्याने पाहिल्या. पण त्या झगमगाटाने त्याचे डोळे दिपले नाहीत. सरदार ऐश्वर्यात लोळतात आणि खेड्यांतील प्रजा दारिद्र्यात दिवस कंठते, हेही त्याने स्पष्टपणे लिहून ठेवले. आपला धर्म त्याने तेथील हिंदूंपासून लपविला नाही. म्हणून त्यांनीही आपले आचारविचार त्याच्यापासून लपविले नाहीत. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलाच्या यात्रेसही जाऊन आला.

मात्र व्यापारात त्याच्या पदरी निराशाच आली. मिरी व रंग येथे स्वस्त होते. पण जकाती जबर आणि समुद्रावर चाच्यांचे भय मोठे. आपल्या देशात नेण्याजोगा माल त्यास सापडेना. शिवाय धर्मग्रंथ गेल्यामुळे आपले सण केव्हा येतात, हेही त्यास नक्की कळेनासे झाले. त्या विचाराने तो व्याकूळ होई. अखेर दाभोळ बंदरातून तो स्वदेशी निघाला. गलबत प्रथम आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागले. नंतर मस्कत, होर्मुझ, इराण व काळा समुद्र असा मार्ग आक्रमीत तो काफा बंदरी आला. आता घर फारसे दूर नव्हते. पण स्मोलेन्स्क नगरी पोहोचण्यापूर्वीच मृत्यूने त्यास गाठले.

त्याच्या हातची वही मात्र व्यापाऱ्यांनी मॉस्कोस पोहोचती केली. इ. स. १४७५ मध्ये ती तेथील राजदरबारच्या एका अधिकाऱ्याच्या हाती आली. पुढे साडेतीनशे वर्षे ती विस्मृतीत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करमझिन यांनी ती पुन्हा उजेडात आणली. कॅस्पियन समुद्र, हिंदी महासागर आणि काळा समुद्र अशा तीन समुद्रांपलीकडील प्रवासाचा तो वृत्तान्त आज इतिहासाचे मोलाचे साधन मानला जातो.

इ. स. १९५५ मध्ये त्वेर येथे व्होल्गेच्या तीरावर अफानासीचा पुतळा उभा राहिला. चौलजवळ रेवदंड्यासही त्याचे स्मारक आहे. नफ्यासाठी निघालेल्या या व्यापाऱ्याचा माल वाटेतच लुटला गेला आणि घोड्याचे पैसेही प्रवासात सरले. उघड्या डोळ्यांनी पाहिलेले आणि प्रामाणिकपणे लिहिलेले तेवढे जगाच्या हाती राहिले.