नावांचा घोळ मिटवणारे कार्ल लिनियस



गेल्या सुट्टीत मालवणची मामी आमच्याकडे राहायला आली होती. तिने मला सुंगटं आणायला पाठवलं. मी बाजारभर फिरलो. कोळंबीच्या टोपल्या डोळ्यांनी बघितल्या आणि रिकाम्या हाताने परत आलो! सुंगटं म्हणजेच कोळंबी, हे मला आजीने मागाहून सांगितलं. त्या दिवशी सगळ्यांना पिठल्यावर भागवावं लागलं.

असाच घोळ एके काळी जगातल्या शास्त्रज्ञांत होता. तो मिटवण्याचा मार्ग ज्यांनी दाखवला, त्यांची गोष्ट मी सांगतो.

कार्ल लिनियस यांचा जन्म २३ मे १७०७ रोजी स्वीडन देशातल्या एका खेड्यात झाला. वडील धर्मगुरू होते, पण त्यांना बागेचा भारी नाद. मुलानेही धर्मगुरू व्हावं अशी घरच्यांची इच्छा होती. कार्लचं मन मात्र झाडापानांत. हा मुलगा पुढे शिकण्यासारखा नाही, त्याला एखादा धंदा शिकवा, असं शाळेतून वडिलांना सांगण्यात आलं म्हणतात. वडील अगदी खचले. तेव्हा रोथमन नावाचे डॉक्टर धावून आले. ते तिथे शिकवतही असत. त्यांनी मुलाचा कल ओळखला आणि त्याला वनस्पतींचं शास्त्र शिकवलं. त्या एका माणसामुळे कार्ल वाचला!

पुढे १७३५ साली त्यांनी सृष्टीतल्या वस्तूंची वर्गवारी छापली. तेव्हा ते पुस्तक जेमतेम डझनभर मोठ्या पानांचं होतं. त्या काळी एकेका झाडाचं नाव म्हणजे लांबलचक ओळ असे. लिनियस यांनी प्रत्येकाला दोनच शब्द दिले. पहिला कुळाचा, दुसरा त्याचा स्वतःचा. आपल्या वाडीतला नारळ कोकोस न्यूसिफेरा, पोफळ अरेका कॅटेचू आणि आंबा मँजिफेरा इंडिका, ही तिन्ही नावं त्यांनीच १७५३ साली छापली. १७५८ साली प्राण्यांनाही अशीच नावं मिळाली.

पण मित्रांनो, थोरांच्याही चुका होतात. युरोपच्या किनाऱ्यावर वाळूत एक किडा राहतो. शेवेच्या वेटोळ्यासारखी वाळू तो बाहेर टाकतो. लिनियस यांनी त्याला शेतातल्या गांडुळाच्याच कुळात घातलं आणि लुंब्रिकस मरिनस म्हटलं. १८०१ साली फ्रान्सच्या लामार्क यांनी अशा किड्यांसाठी निराळं कूळ केलं. आता त्याला अरेनिकोला मरिना म्हणतात. कूळ बदललं, तरी लिनियस यांनी दिलेलं दुसरं नाव कायम राहिलं. नावापुढे लिनियस, १७५८ असं कंसात लिहितात. कंस दिसला की समजायचं, कूळ मागाहून बदललं आहे.

समुद्रातल्या किड्यांना देशोदेशींच्या शास्त्रज्ञांनी नावं दिली. त्यामुळे एकाच किड्याला कधी चार-पाच नावं पडली. मग निवाडा कसा करायचा? साधारण नियम असा, की १७५८ पासून पुढे जे नाव नीट वर्णनासह आधी छापलं गेलं, ते खरं. देश मोठा की माणूस मोठा, हे बघायचं नाही. दोन निराळ्या प्राण्यांना एकच नाव पडलं असेल, तर ते पहिल्याकडे राहतं आणि दुसऱ्याचं नवीन बारसं करतात. आजही तज्ज्ञ मंडळी जुनी पुस्तकं आणि बाटल्यांत जपून ठेवलेले किडे ताडून हे काम करत आहेत.

लिनियस यांचे विद्यार्थी जीव गोळा करायला दूरदेशी गेले. त्यांतले काही परत आलेच नाहीत. फोर्सकोल नावाचा शिष्य १७६३ साली येमेनमध्ये तापाने वारला.

म्हातारपणी लिनियस यांना झटका आला. हजारो जिवांना नावं देणाऱ्या या माणसाला शेवटी स्वतःचं नावही आठवेना, असं सांगतात. हे वाचून मला फार वाईट वाटलं. १० जानेवारी १७७८ रोजी ते वारले. पण त्यांनी दिलेली नावं आपण अजून वापरतो.

पालकहो, खाली कोरा कागद लावला आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या जिवांना तुमच्या घरी काय म्हणतात, ते त्यावर जरूर लिहा. म्हणजे पुढच्या वेळी कोणाला पिठल्यावर भागवावं लागणार नाही!

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी