फिरखो आणि रक्ताची गुठळी

2020 व 2021 या दोन वर्षांत कोरोनाचे सारेच रुग्ण केवळ श्वास कोंडून दगावले नाहीत. कित्येकांच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या अडकल्या होत्या. ही गुठळी कोठून येते, याचा उलगडा करणारे रुडॉल्फ फिरखो यांचे चरित्र म्हणूनच पुन्हा वाचण्याजोगे आहे.

1821 साली प्रशियात जन्मलेले फिरखो बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात शवविच्छेदन करीत. फुप्फुसातील गुठळी पुष्कळदा तेथे तयारच होत नाही, दूरच्या शिरेतून सुटून ती रक्ताबरोबर वाहत येते, हे त्यांनी ताडले. कुत्र्यांच्या मानेतील शिरेत त्यांनी रबराचे तुकडे सोडले. ते फुप्फुसात सापडले. रक्तप्रवाह मंदावणे, वाहिनीचे अस्तर दुखावणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे हे कारणांचे त्रिकूट आज त्यांच्या नावाने शिकवले जाते. नाव अर्थात पुढील पिढ्यांनी दिलेले. विषाणूच्या तीव्र संसर्गात ही तिन्ही कारणे एकदमच जुळून येऊ शकतात.

1848 मध्ये अप्पर सायलेशियातील टायफसच्या साथीची पाहणी करण्यास सरकारने त्यांना धाडले. अहवालात त्यांनी औषधांपेक्षा शिक्षण, रस्ते, शेतीसुधारणा आणि लोकांचे स्वातंत्र्य यांचीच मागणी अधिक केली. त्याच वर्षीच्या क्रांतीत ते सामील झाले, शारिटेतील पद गमावून बसले आणि 1856 मध्येच बर्लिनला परतले. पुढे नगरसभेत बसून त्यांनी शहराच्या सांडपाण्याचा प्रश्न तडीस नेला. जंतुसिद्धांताबाबत मात्र ते दीर्घकाळ साशंक राहिले, हा दोष झाकण्याचे कारण नाही.

गुठळीचा धोका आधी ओळखायचा तर नुसता डी-डायमर पुरत नाही. वय, गरोदरपण, कोणताही दाह यांनीही तो वाढतो. सरसकट रक्त पातळ करणारे औषध द्यावे, तर रक्तस्राव ओढवतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पादुआ गुणपद्धतीत संसर्गाला एक गुण, तर अंथरुणास खिळण्याला तीन. चार गुण झाले की धोका मोठा. म्हणजे तापाने खाटेवर पडलेला रुग्ण तेवढ्यानेच धोक्याच्या रेषेवर येतो. ही विचारपूस फुकट होते. परंतु ती करणारी परिचारिका खाटेपाशी असावी लागते. मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयासारख्या ठिकाणी खर्चाचा पहिला हक्क यंत्रापेक्षा या मनुष्यबळाचा आहे.

जानेवारी 1902 मध्ये ट्राममधून उतरताना पडून फिरखोंच्या मांडीचे हाड मोडले. ते पूर्ववत झालेच नाहीत. 5 सप्टेंबर रोजी, ऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.