फादर डेमियन

मुलांनो, कुष्ठरोग्याची जखम धुवायची वेळ आली, तर तुमचा हात पुढे होईल का? डेमियन यांचा झाला. ते १८४० साली बेल्जियममध्ये जन्मले. हवाईमधील मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांना घरादारापासून तोडून ठेवत. १८७३ साली हे ख्रिस्ती धर्मगुरू तेथे राहायला गेले. पहिल्या रात्री त्यांनी केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या. ते रोग्यांच्या जखमा बांधत, त्यांच्यासाठी घरे उभारत. शवपेट्याही स्वतःच बनवत. सुतारकाम त्यांना चांगले येई! १८८४ साली त्यांचा पाय कढत पाण्यात बुडाला, पण चटका जाणवलाच नाही. रोग त्यांनाही जडला होता. तरी काम थांबले नाही. १८८९ साली ते वारले. रोग्यांनी त्यांना त्याच झाडाखाली पुरले.