विद्याविलासी सरफोजी महाराज

भूगोलाच्या तासाला परदेशाचा नकाशा भिंतीवर टांगला म्हणजे आपल्यापैकीं पुष्कळांचे डोळे जड होतात. नद्या, डोंगर व राजधान्या यांचीं नांवें पाठ करावींत आणि परीक्षा संपतांच विसरून जावींत, असा आपला नेहमींचा परिपाठ. परंतु तोच देश त्याची भाषा, त्याचें शास्त्र, त्याच्या गोष्टी आणि त्याचें संगीत अशा अनेक वाटांनीं आपणांस भेटला, तर तो परका राहत नाहीं. ही गोष्ट ज्यांनीं बालपणीं स्वतः अनुभविली आणि पुढें साऱ्या जगाचा भूगोल मराठी गाण्यांत गुंफिला, अशा एका राजाचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजी राजे यांनीं कावेरीच्या खोऱ्यांत, तंजावर येथें, मराठी राज्य स्थापिलें. त्या भोसले कुळाच्याच एका शाखेंत २४ सप्टेंबर १७७७ रोजीं सरफोजींचा जन्म झाला. त्या वेळीं तंजावरच्या गादीवर तुळजाजी राजे होते. त्यांना वारस उरला नव्हता आणि प्रकृतिही ढासळली होती. म्हणून १७८७ सालीं त्यांनीं या नऊ वर्षांच्या बालकास दत्तक घेतलें. दत्तविधानानंतर राजे फार दिवस जगले नाहींत. आपल्यामागें या मुलाचें कसें होईल, हीच एक चिंता त्यांना होती. अखेर आपल्या आप्तांपैकीं कोणाचाही भरंवसा न धरतां त्यांनीं त्यास एका परदेशी मनुष्याच्या हवालीं करावयाचें ठरविलें.

तो मनुष्य म्हणजे रेव्हरंड ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. १७२६ सालीं प्रशियांत जन्मलेले हे धर्मोपदेशक १७५० मध्यें तरंगंबाडीच्या डॅनिश मिशनमध्यें आले आणि मरेपर्यंत स्वदेशीं परतले नाहींत. तामिळ तर त्यांना उत्तम येतच असे. शिवाय मराठी, फारसी व हिंदुस्थानी याही भाषा त्यांनीं आत्मसात् केल्या होत्या. त्यांच्या सचोटीची कीर्ति एवढी होती कीं, १७७९ सालीं इंग्रजांनीं हैदर अल्लीकडे बोलणें करण्यासाठीं त्यांनाच धाडिलें होतें.

राजपुत्राचें पालकत्व स्वतःकडे घेणें मात्र श्वार्ट्झ यांना प्रशस्त वाटलें नाहीं. तुळजाजींचे सावत्र बंधु अमरसिंग यांनींच मुलाचा सांभाळ करावा व तो वयांत येईपर्यंत कारभार पाहावा, असा सल्ला त्यांनीं दिला. सल्ला सद्हेतूनें दिलेला होता. पण फळ विपरीत आलें. पंडितांनीं दत्तविधान अशास्त्र ठरविलें, अमरसिंग स्वतःच गादीवर बसले आणि बाळ सरफोजी वाड्यांत कोंडले गेले. ज्या वयांत अक्षरें गिरवावयाचीं, त्या वयांत त्यांच्या शिक्षणाची वाटही बंद झाली.

आपल्या शब्दामुळें एका पोरक्या मुलावर हा प्रसंग ओढवला, हें शल्य श्वार्ट्झ यांना बोचल्यावांचून कसें राहील? त्यांनीं मद्रासच्या सरकारकडे पुनःपुन्हा दाद मागितली. शेवटीं १७९३ सालीं सरफोजी व तुळजाजींच्या राण्या यांना मद्रासेस हलविण्यांत आलें. तेथें श्वार्ट्झ यांचे सहकारी रेव्हरंड गेरिके यांच्या देखरेखीखालीं त्यांचें शिक्षण नीट सुरू झालें. इंग्रजी भाषेच्या द्वारें पाश्चात्य विद्यांचें दालन त्यांच्यापुढें उघडलें. ज्यानें आजवर वाड्याच्या भिंतीपलीकडचें फारसें कांहीं पाहिलें नव्हतें, त्यास पुस्तकांतून सगळें जग दिसूं लागलें. गुरु ख्रिस्ती, शिष्य हिंदु; तथापि सरफोजी अखेरपर्यंत आपल्या कुलधर्माशीं एकनिष्ठ राहिले आणि गुरूविषयींचा त्यांचा आदरही तसूभर कमी झाला नाहीं.

दत्तकाचा प्रश्न पुन्हा तपासला जाऊन निकाल सरफोजींच्या बाजूनें लागला व १७९८ च्या जून महिन्यांत ते सिंहासनावर बसले. पण हा सोहळा पाहावयास श्वार्ट्झ उरले नव्हते. त्याच वर्षीं १३ फेब्रुवारी रोजीं त्यांचें देहावसान झालें होतें. राजानें गुरूच्या समाधिशिलेसाठीं स्वतः इंग्रजींत पद्यें रचिलीं आणि जॉन फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करविलें. मृत्युशय्येवरील वृद्ध गुरु आणि त्याचा हात हातीं घेऊन उभा असलेला तरुण राजा, असा देखावा त्यावर कोरलेला आहे.

राज्यसुख मात्र सरफोजींच्या वांट्यास फार थोडें आलें. १७९९ सालच्या तहानें सारा मुलूख कंपनीच्या ताब्यांत गेला आणि राजाकडे तंजावरचा किल्ला व नेमणूक एवढेंच उरलें. दुसरा एखादा असता तर त्यानें उरलेलें आयुष्य विलासांत घालविलें असतें. सरफोजींनीं विद्येचें राज्य उभारिलें. मुक्तांबाळ छत्रांत त्यांनीं विद्यार्थ्यांच्या अन्नाची व शिक्षणाची मोफत सोय केली. १८०५ मध्यें देवनागरी अक्षरांचा छापखाना काढिला आणि इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावलि’ या नांवानें मराठींत छापविल्या. सरस्वती महालांत त्यांनीं संस्कृत, मराठी, तामिळ व तेलुगु हस्तलिखितांशेजारीं युरोपांतील भाषांचे ग्रंथही मांडिले. १८२६ सालीं बिशप हेबर त्यांच्या भेटीस आले. लाव्हाझिए, लिनियस व बफाँ यांच्या शास्त्रीय ग्रंथांपासून शेक्सपिअरच्या काव्यापर्यंत हा राजा सहज बोलतो, हें ऐकून ते चकित झाले.

परंतु या सर्वांहून आपणां विद्यार्थ्यांस जवळची वाटावी अशी त्यांची कृति म्हणजे ‘देवेंद्र कुरवंजी’ हें मराठी नाटक. कुरवंजी हा दक्षिणेंतील नृत्यनाट्याचा एक लोकप्रिय प्रकार. त्यांत एक भटकी भविष्यवादिनी येते, नायिकेचा हात पाहते आणि आपण हिंडलेल्या डोंगरांचें व देशांचें वर्णन गाऊन सांगते. सरफोजींनीं तिच्याच तोंडीं पृथ्वीचा भूगोल घातला! आशिया, युरोप, आफ्रिका व अमेरिका या खंडांतील देशांचीं वर्णनें ती मराठी पदांतून गाते. जो विषय इंग्रजी पुस्तकांत होता, तो असा संगीत, नृत्य व कथा यांच्या संगतीनें प्रेक्षकांच्या कानीं पडावा, ही योजना. श्वार्ट्झ यांचेच दुसरे शिष्य, तामिळ ख्रिस्ती कवि वेदनायगम् शास्त्री, यांनींही आपल्या ‘बेथलेहेम कुरवंजी’ या काव्यांत भूगोल व खगोल आणिले. एका गुरूचे दोन शिष्य, दोन धर्म, दोन भाषा. पण शिकविण्याची युक्ति एकच.

या चरित्रांत मनास खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. ज्या इंग्रजांनीं राज्य घेतलें, त्यांनीं नेपोलियनवर मिळविलेल्या विजयाप्रीत्यर्थ याच राजानें समुद्रकांठीं ‘मनोरा’ बांधिला. त्यांचें भूगोलाचें नाटकही पोथींतच पडून राहिलें; तें छापून निघावयास १९५० साल उजाडावें लागलें. ज्या मुलांनीं तीं पदें गात गात देश शिकावयाचे, त्यांच्या कितीतरी पिढ्या त्यांस मुकल्या!

७ मार्च १८३२ रोजीं सरफोजी महाराज निवर्तले. परदेशाची ओळख करून घेतांना त्यांनीं आपली भाषा टाकिली नाहीं कीं आपला इतिहास विसरले नाहींत. तंजावरच्या बृहदीश्वराच्या मंदिरांत भोसले वंशाचें चरित्र मराठींत त्यांनींच १८०३ सालीं कोरविलें. मित्रहो, पुढच्या तासाला नकाशा टांगला जाईल तेव्हां कोंडलेल्या त्या मुलाची आठवण करूं या. त्यास जग पाहावयास मिळालें तें एका परक्या माणसाच्या मायेमुळें; आणि मिळालेलें तें जग त्यानें एकट्यापाशीं न ठेवतां मायबोलींत गाऊन दाखविलें.