गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे गाव श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. संन्यास घेतल्यावर देशभ्रमण करीत असता हे यतिवर्य कृष्णा व पंचगंगा या नद्यांच्या संगमावर आले आणि बारा वर्षे तेथे राहिले. ते स्थान म्हणजे नृसिंहवाडी. वऱ्हाडातील दत्तभक्त जसे कारंज्यास जातात, तसेच वाडीलाही जातात. या वाडीपासून अगदी जवळ कुरुंदवाड नावाचे गाव आहे. पूर्वी ते एका लहानशा संस्थानाच्या राजधानीचे गाव होते. तेथे दिनांक 18 ऑगस्ट 1872 रोजी विष्णूचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार होते. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. परंतु पूर्वज पलूस गावचे म्हणून पलुसकर हे नाव पडले. कीर्तनात पित्याच्या मागे उभे राहून झांज वाजवावी, सूर धरावा, हेच विष्णूचे पहिले संगीतशिक्षण.

मुलगा बुद्धिमान होता व इंग्रजी शाळेत जात होता. तो शिकून संस्थानात एखादी चांगली नोकरी मिळवील, अशी घरच्यांची अपेक्षा असल्यास नवल नाही. पण एका दत्तजयंतीच्या उत्सवात आनंदाच्या भरात उडविलेला फटाका त्याच्या तोंडाजवळच फुटला आणि दोन्ही डोळ्यांना जबर इजा झाली. उपचार झाले, पुष्कळ झाले. तथापि दृष्टी पूर्ववत् झाली नाही. पुस्तकातील अक्षर नीट दिसेना. शाळा सुटली. ज्या मुलास वाचता येत नाही, त्याने पुढे करावे काय, हा प्रश्न त्या काळच्या गरीब घरात आजच्यापेक्षाही बिकट होता. विष्णूचा गळा गोड होता, एवढीच काय ती जमेची बाजू. तेव्हा त्याला गाणे शिकवावे असे ठरले, आणि मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाने तो गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिकू लागला.

त्या काळी गाणे शिकणे म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्यास सहज उमगणार नाही. संगीताची शाळा नव्हती, क्रमिक पुस्तक नव्हते, परीक्षा नव्हती. विद्या गुरूच्या कंठात असे आणि गुरूची मर्जी असेल तेव्हाच ती शिष्याच्या कानावर पडे. कित्येक उस्ताद आपली खास चीज पुत्रावाचून दुसऱ्या कोणास ऐकूही देत नसत. स्वतः बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची गायकी मिळविण्यासाठी तारुण्यात अतोनात हाल सोसले होते, व तीच गायकी त्यांनी महाराष्ट्रात आणून रुजविली. अशा गुरूच्या घरी विष्णूने सुमारे नऊ वर्षे काढली. गुरुगृहीची सेवा करावी, पहाटे उठून तंबोऱ्यावर खर्ज लावावा, एकेक तान शेकडो वेळा घोटावी, असा त्याचा क्रम असे. डोळ्यांनी साथ सोडली होती. म्हणून की काय, कान विलक्षण तीक्ष्ण झाले.

विद्येबरोबर त्यास एक सलही मिळाला. मिरजेतील एका समारंभास तरुण विष्णुपंतांना आमंत्रण आले, पण गुरुजींना आले नाही. कारण ते केवळ गवई, अशी कथा सांगतात. गवयाचे गाणे सर्वांना हवे, पण गवई पंक्तीला नको, अशी ती समाजाची रीत होती. वादकाची गत तर याहून वाईट असे. ज्याच्या ढोलावाचून लग्न लागत नाही, ज्याच्या सनईवाचून देवाची पालखी हलत नाही, तो मात्र मांडवाच्या बाहेर. हा अपमान विष्णुपंतांच्या मनात खोल रुतला. 1896 साली त्यांनी मिरजेचा आश्रय सोडला व एकदोन सोबत्यांसह ते उत्तरेकडे निघाले.

पुढील चारपाच वर्षे प्रवासात गेली. बडोदे येथे राजघराण्याने त्यांचे कौतुक केले, तरी ते दरबारी नोकरीत अडकले नाहीत. सौराष्ट्रात त्यांनी एक धाडस केले. लोकांना तिकीट लावून जाहीर मैफल केली! आज यात काही विशेष वाटत नाही. परंतु ज्या काळी उत्तम गाणे राजवाड्यात किंवा श्रीमंतांच्या दिवाणखान्यातच ऐकावयास मिळे, त्या काळी साध्या दुकानदाराने किंवा कारकुनाने चार पैसे टाकून हक्काने खुर्चीवर बसावे आणि गवयाने कोणापुढेही न वाकता गावे, ही गोष्ट अगदी नवी होती. माझ्या मते विष्णुपंतांच्या सर्व कार्याचे बीज या एका मैफलीत आहे. पुढे ते ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंदर अशी मजल दरमजल करीत पंजाबात पोहोचले. मथुरेस राहून त्यांनी व्रजभाषेचा अभ्यास केला, कारण ख्याल-धृपदांचे शब्द गायकच नीट जाणत नसतील तर श्रोत्यांनी काय जाणावे?

दिनांक 5 मे 1901 रोजी लाहोर शहरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. एका मराठी माणसाने, घरापासून शेकडो कोस दूर, परक्या भाषेच्या प्रांतात, कोणा राजाच्या नव्हे तर लोकांच्या वर्गणीवर संगीताची शाळा काढली. आरंभी कित्येक दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही. तरी विष्णुपंत वेळेवर विद्यालयात येत, तंबोरा जुळवीत आणि ठरलेल्या तासापर्यंत स्वतःच गात बसत. शाळेची वेळ म्हणजे शाळेची वेळ! हळूहळू एक आला, दोन आले, आणि मग वर्ग भरू लागले.

या विद्यालयाची रचना पाहण्यासारखी होती. शिक्षणाचे टप्पे ठरलेले, प्रत्येक इयत्तेचा अभ्यासक्रम ठरलेला, वर्षाच्या शेवटी परीक्षा. गाण्याबरोबर सतार, हार्मोनियम, तबला, मृदंग अशा वाद्यांचेही शिक्षण मिळे. स्वर, मात्रा व ताल कागदावर उतरविण्यासाठी विष्णुपंतांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली. दीर्घ स्वर कोणता, अर्ध्या मात्रेचा कोणता, सम कोठे, हे चिन्हांवरून कळे. त्या लिपीत त्यांनी लहान मुलांसाठी व मोठ्यांसाठी पुष्कळ पुस्तके छापली. ज्यांना स्वतःला अक्षर धड दिसत नव्हते, त्यांनी दुसऱ्यांना गाणे वाचता यावे म्हणून एवढा खटाटोप केला. स्त्रियांसाठीही वर्ग होते. कुलीन घरातील मुलीने गाणे शिकावे ही कल्पनाच अनेकांना असह्य होती. परंतु विद्यालयाची शिस्त व तेथील भजनांचे वातावरण पाहून पालकांचा संकोच कमी होत गेला.

सर्वांत महत्त्वाचा होता तो उपदेशक वर्ग. गरीब परंतु होतकरू मुलांना विद्यालयात ठेवून घ्यावे, अन्नवस्त्र द्यावे, शुल्क घेऊ नये. त्यांनी मात्र नऊ वर्षे निष्ठेने शिकावे व पुढे शिक्षक होऊन गावोगावी संगीत न्यावे, अशी ती योजना होती. गवई पुष्कळ होते. उणीव होती ती शिकविणाऱ्यांची, हे त्यांनी अचूक ओळखले होते. याच योजनेतून ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर यांच्यासारखे शिष्य तयार झाले. दुसरे एक शिष्य नारायण मोरेश्वर खरे हे महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात संगीतशिक्षक झाले व 1930 साली दांडीच्या पदयात्रेत चालले.

1908 साली विष्णुपंतांनी मुंबईत विद्यालय काढले. विद्यार्थी वाढले, जागा अपुरी पडू लागली. तेव्हा सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची भव्य इमारत उभी करण्याचे त्यांनी मनावर घेतले. पैसा नव्हता, कर्ज काढले. ते फेडण्यासाठी शिष्यांचा मेळा घेऊन ते गावोगाव जलसे करू लागले. येथे एक दूरदेशची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. विष्णुपंतांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, म्हणजे 1871 साली, अमेरिकेतील नॅशव्हिल शहरातून नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी असेच गात निघाले होते. त्यांच्यापैकी बहुतेक गुलामगिरीत जन्मलेले. गुलामी संपल्यावर त्यांच्यासाठी निघालेली फिस्क ही शिक्षणसंस्था कर्जात बुडत होती. आपल्या आईबापांची भक्तिगीते गाऊन त्यांनी अमेरिकेत व इंग्लंडात पैसा जमविला, संस्था वाचविली आणि त्या पैशातून उभी राहिलेली ज्युबिली हॉल ही इमारत आजही नॅशव्हिलमध्ये आहे. विष्णुपंतांचे दैव तसे नव्हते. ते दौऱ्यावर असताना सावकारांनी निकड लावली आणि 1924 च्या सुमारास विद्यालयाची इमारत लिलावात गेली. आयुष्याची कमाई हातोड्याच्या तीन ठोक्यांत संपली.

एखादा दुसरा असता तर खचून गेला असता. विष्णुपंतांचे मन यापूर्वीच रामनामाकडे वळले होते. आता ते नाशिकला जाऊन राहिले. तेथे रामनाम आधार आश्रमात शिष्य सांभाळणे, रामायण सांगणे व भजन करणे हा त्यांचा नेम झाला. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गाण्याचा मान त्यांना वारंवार मिळे. 1923 साली काकिनाडा येथे अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनास हरकत घेतली, तरी त्यांनी गीत पूर्ण गाऊनच आसन सोडले. त्यांच्या स्वभावातील हा निग्रह मोठा होता. तो कधीकधी हट्टाच्या सीमेपर्यंत जाई, हेही खरे.

त्यांच्या कार्याला एक मर्यादाही होती. संगीताला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी त्यांनी त्याला भक्तीची व शिस्तीची वस्त्रे नेसविली. त्यामुळे सुशिक्षितांच्या घरात ते शिरले. पण ज्या उस्तादांनी, कलावंतिणींनी आणि गावोगावच्या वाजंत्र्यांनी पिढ्यान् पिढ्या ही विद्या जतन केली, त्यांच्या मुलांना नव्या विद्यालयांच्या बाकावर फारशी जागा मिळाली नाही. आमच्या वाशीम जिल्ह्यात पोहरादेवी येथे बंजारा समाजाच्या वारशाचे संग्रहालय 2024 साली उघडले. त्याची इमारतच नगाऱ्याच्या आकाराची आहे. तांड्यावरचे एखादे सातआठ वर्षांचे पोर नगाऱ्यावर असा ठेका धरते की शिकलेल्या तबलजीने मान डोलवावी. परंतु शाळेत त्या मुलाला त्याच्या हातातील या विद्येचे नावही कोणी विचारीत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाच्या अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे; पण ती शंभरांहून अधिक पट असलेल्या शाळांपुरती. लहान गावच्या शाळेत संगीताचा तास वेळापत्रकात उरतो, आणि पेटी कपाटात. विष्णुपंतांनी गाण्याचा वर्ग उघडला तेव्हा विद्यार्थी नव्हते आणि शिक्षक होता. आज पुष्कळ ठिकाणी नेमके याच्या उलट झाले आहे.

त्याच सुमारास पंडित विष्णु नारायण भातखंडे हेही देशभर हिंडून चिजा गोळा करीत होते व रागांची शास्त्रशुद्ध मांडणी करीत होते. दोघांच्या स्वरलिप्या निराळ्या, स्वभावही निराळे. भातखंड्यांनी ग्रंथ उभा केला, पलुसकरांनी गुरुजी उभा केला, एवढे म्हटले म्हणजे पुरे.

संसारात विष्णुपंतांना सुख थोडे मिळाले. त्यांची अनेक अपत्ये बालपणीच गेली. 1921 साली झालेला मुलगा तेवढा जगला. त्याचे नाव दत्तात्रेय. वयाच्या साठीला पोहोचण्यापूर्वीच त्यांची प्रकृती ढासळली. ज्या मिरजेतून ते निघाले होते तेथेच परत येऊन दिनांक 21 ऑगस्ट 1931 रोजी त्यांनी देह ठेवला. मुलगा त्या वेळी अवघा दहा वर्षांचा होता.

मागे इमारत नव्हती, ठेव नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस शिष्य अहमदाबाद येथे एकत्र आले व त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. या मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आजही देशभर होतात. 1932 साली विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. लहान दत्तात्रेय त्यांच्याचकडे शिकला आणि दत्तात्रेय विष्णु पलुसकर या नावाने, 1955 साली अकाली निधन होईपर्यंत, साऱ्या हिंदुस्थानात गायला.